आंघोळ झालेली पोरं

चिखलात खेळायला सोडायच्या आधी माझ्या पोरीला पाइपाने धुतलं.

झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप. बंगल्यांच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला नळ आहे, तिथे आमच्या वस्तीतली सगळी पोरं रांगेत उभी केली होती. जानेवारीची सकाळ. ऊन अजून बंगल्यांच्या पलीकडेच अडकलेलं. वॉचमन म्हातारा माणूस, शेजारच्या गावचा. त्याने नळ सोडला, पाइप हातात धरला आणि म्हणाला, "डोळं मिटा रं पोरांनो."

पोरांनी मिटले. आमची पोरं सांगितलेलं ऐकतात, तीच तर खोड आहे.

मी आत चिखलाच्या हौदाजवळ माती चाळत होते. पोरांचा आवाज आला. आधी वाटलं हसतायत. मग त्यात सानूचा आवाज ओळखला आणि चाळणी हातात तशीच घेऊन धावले. माझी सानू, आठ वर्षांची. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी. सकाळी मीच घातलेल्या वेण्या. पाणी डोक्यावर पडत होतं आणि तिने दोन्ही हातांनी फ्रॉक गच्च धरला होता, कारण पाण्याच्या जोराने तो वर उडत होता.

"भाऊ," मी म्हटलं, "आंघोळी झाल्यात पोरांच्या. सकाळीच झाल्यात."

भाऊ म्हणजे गावातले मोठे शेतकरी. आता नुसतं म्हणायचं शेतकरी. ज्या जमिनीवर हे बंगले उभे आहेत ती त्यांनीच विकली, आणि बंगलेवाल्यांच्या कमिटीत गावाच्या वतीने तेच बसतात. ते हात मागे बांधून नळाशी उभे होते. म्हणाले, "असू दे गं. मुंबईची मुलं हायत आत, त्यांच्या आईबापांना बरं वाटतं. दोन मिनटांचं काम."

त्यांच्या शेजारी कमिटीच्या मॅडम. मॅडम मुंबईच्या, शनिवार-रविवारी इकडच्या. माझ्याशी कायम गोड बोलायच्या. त्या दिवशीही गोडच बोलल्या. "ताई, पर्सनली घेऊ नका हं. हायजिनचा प्रश्न आहे. नियम सगळ्यांसाठी सारखाच आहे."

त्यांचं बोलणं संपायच्या आत भाऊंचे दोन नातू फाटकातून आले. गोठ्याकडून आलेले. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले, धाकट्याच्या चड्डीला शेण. ते रांगेच्या बाजूने, आमच्या ओल्या पोरांकडे बघत बघत, सरळ आत हौदाकडे गेले. वॉचमनने पाइप जरा पलीकडे धरला. त्यांच्या अंगावर शिंतोडे उडायला नकोत म्हणून.

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम मोबाइलमध्ये बघत होत्या.

आमच्या वस्तीला बौद्धवाडी म्हणतात. सरकारी पाटीवर तसंच लिहिलंय. गावात बोलताना काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक असणार.

कर्जतवरून खोपोलीकडे येताना मधे आमचं गाव लागतं. माझं माहेर आणि सासर एकाच वस्तीत, मधे चार घरं. त्यामुळे ही जमीन मी जन्मापासून बघतेय. जिथे आज बंगले आहेत तिथे भाताची खाचरं होती. भाऊंच्या वडलांची. दिवाळीच्या मागेपुढे भात कापून झालं की काही खाचरांत वाल पेरायचे, आणि ज्यात वाल पेरला नाही ती खाचरं पोरांची. कुणाला विचारायचं नाही, कुणी हाकलायचं नाही. पावसाळा येईपर्यंत अख्खं गाव तिथे खेळायचं. लगोरी, विटीदांडू, क्रिकेट, आणि नुसतंच बांधावरून पळणं, ज्याला नाव पण नाही.

आता कुणी म्हणेल, किती छान दिवस होते. थांबा जरा. त्या खाचरांत पण आमच्या वस्तीतल्या पोरांना बॅटिंग नव्हती. आम्ही लांब, काटेरी कुंपणाशी उभं राहायचं. बॉल कुंपणात गेला की आत शिरून काढायचा. हाताला ओरखडे आमच्या, रन त्यांच्या. मी एकदा बॅट मागितली होती. भाऊंचा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता, तो म्हणाला, "तू बॉल दे गं आधी." मी दिला. एवढंच. त्याला ते आठवतही नसेल. पण तरी सांगते, त्या खाचरांत शिरताना आमचे पाय कुणी बघत नव्हतं. कुंपणाशी का होईना, आम्ही खेळत होतो, संध्याकाळी घरी जाऊन आईचा मार खात होतो आणि दुसऱ्या दिवशी परत जात होतो.

मग जमिनी गेल्या. भाऊंची गेली, मग बाजूच्यांची, मग त्यांच्या बाजूच्यांची. आधी दगडाची भिंत, मग फाटक, मग आत गवत आणि शोभेची झाडं. आमच्या वस्तीला एका बाजूला रस्ता आणि तीन बाजूंना भिंती. पोरं रस्त्यावर खेळायला लागली. रस्त्यावरून खडीचे डंपर जातात. एका पोराच्या पायावरून चाक जाता जाता वाचलं, तेव्हापासून आयांनी पोरांना घरात कोंडलं. घरात मोबाइल. मोबाइल नसेल तर मारामारी.

तेव्हा ही योजना आली.

खोपोलीकडच्या एका कंपनीचा पैसा, एका संस्थेमार्फत. मुलांनी घराबाहेर मोकळं खेळावं, कुणी न शिकवता, आपल्या मनाने, म्हणून गावागावांत जागा तयार करायच्या. अट एकच, की त्या गावातल्या मुलांसाठी पाहिजे आणि गावाने हातभार लावला पाहिजे. गावाकडे जागा कुठे उरली होती? बंगल्यांच्या मधे एक रिकामा तुकडा सोडलेला होता. मॅडमची कमिटी म्हणाली, आम्ही जागा देतो. भाऊ म्हणाले, गाव श्रमदान देईल.

गाव म्हणजे आम्ही. श्रमदान म्हटलं की गावाला बरोबर आमची आठवण होते. वस्तीतल्या बायकापुरुषांनी हौद खणला. ओढ्यातून गोटे आणले, जुने टायर आणून पुरले, आंब्याच्या फांदीला दोर बांधले. कुणी कुरकुर केली नाही, खोटं कशाला बोलू. आपल्या पोरांचं होतंय म्हणून हौसेने केलं. माझा नवरा कंपनीतून रात्रपाळी करून यायचा आणि झोपायच्या आधी तासभर पहार मारून जायचा.

मला तिथे काम मिळालं. खेळताई म्हणायचे. मी बारावी झालेय, चार बंगल्यांत भांडी-फरशी करत होते, त्यातली दोन सोडली आणि हे घेतलं. आम्हाला शिकवायला पुण्याहून एक मुलगी आली होती. तरुण, केस बारीक कापलेले, जमिनीवर मांडी घालून बसायची. ती म्हणाली, "मुलांना सूचना देऊ नका. मूल कंटाळलं तर कंटाळू द्या. मातीत लोळलं तर फारच छान." बायका फिदीफिदी हसल्या. हे शिकायला पुण्याहून माणूस यावा लागतो, म्हणजे कमाल झाली. पण मला ते आवडलं होतं. घरी येऊन मी सानूच्या बापाला सांगितलं, अहो, माझं काम काय माहितीये का, पोरांना काहीच न सांगणं. तो म्हणाला, "घरी पण लागू कर हा नियम." आम्ही दोघं खूप हसलो होतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं, पोरांना जुने कपडे घाला. चिखलात खेळायचंय. जुन्यात जुने.

सकाळी बघते तर काय! एकेक पोर नवरदेवासारखं. जयंतीला घेतलेले पांढरे सदरे, पांढरे फ्रॉक, इस्त्री केलेले. केसांना तेल, तोंडाला पावडर, एकाला तर त्याच्या आज्जीने अत्तर लावलेलं. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अगं बायांनो, चिखल हाय तिथं, चिखल! तर एक वहिनी मलाच बोलली, "बंगल्यावर जायाचं आन् फाटकं घालून? म्हणजे लोक म्हणतील, ह्यांच्यात काय नाय. तू गप गं. मळला तर धुईन मी."

मी पण काय वेगळं केलं होतं? मी सांगत फिरले जुने घाला, आणि माझ्या पोरीला पांढराच फ्रॉक घातला. हात दुसऱ्या कपड्याकडे गेलाच नाही. आमच्या आईने आम्हाला असंच वाढवलं. घरात खायला नसेल, पण गावात जायचं तर आधी तोंड धू, केस बांध, धुतलेलं घाल. कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही. आमच्या पोरांएवढी स्वच्छ पोरं त्या दिवशी अख्ख्या त्या आवारात कुणाची नव्हती.

आणि त्यांना धुतलं.

कपडे चिकटले अंगाला. पावडरचे ओघळ गळ्यावर. लहानं होती ती कुडकुडत होती. मी ओढणीने एकेकाचं डोकं पुसत होते, तेवढ्यात कंपनीच्या निधीवाले साहेब आले. सोबत फोटोवाला. साहेब माणूस हसतमुख. ओल्या पोरांकडे बघून म्हणाले, "अरे वा! आल्या आल्या पाण्यात उतरलीसुद्धा! हेच तर हवंय आपल्याला!"

सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, "हो ना, मुलांना पाणी म्हणजे जीव की प्राण." भाऊ पण हसले. फोटोवाला सानूच्या समोर गुडघ्यावर बसला. सानूने तोंड वाकडं केलं. रडू येताना ती तसं करते, खालचा ओठ आत घेते आणि दात दिसतात. त्याने पटापट फोटो काढले. म्हणाला, "काय स्माइल आहे!"

साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, हा पैसा या गावातल्या मुलांचा आहे, मोकळेपणाने खेळणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. आमची पोरं ओल्या चड्ड्यांनी खाली बसून टाळ्या वाजवत होती. मग मुंबईची मुलं हौदात उतरली. त्यांना खेळता येईना. उभी राहिली, हातात चिखल घेऊन, आता काय करायचं म्हणून आईकडे बघत. तेव्हा मॅडमनी आमच्या पोरांना हाक मारली. "चला चला, दाखवा यांना कसं खेळायचं." आमची पोरं उतरली. धरण बांधलं, त्याला दार केलं, पानांच्या होड्या सोडल्या. तासाभरात मुंबईची पोरं पण हसायला लागली, ओरडायला लागली. त्या पोरांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पोरं पोरांसारखीच असतात.

सानू उतरली नाही. हौदाच्या कडेला उभी राहिली, फ्रॉक पिळत.

दुपारी मुंबईची मुलं गरम पाण्याने आंघोळ करायला बंगल्यांत गेली. आमच्या पोरांना बिस्किटचा पुडा दिला आणि फाटकापर्यंत सोडलं. चिखलाने भरलेली पोरं रस्त्याने घरी आली. तेव्हा कुणाला हायजिन आठवलं नाही.

संध्याकाळी मी चुलीवर पाणी तापवलं, सानूला आंघोळ घातली. पाठ चोळत होते तर ती मान वर न करता म्हणाली, "आई, मला वास येत होता का?"

मी म्हटलं, नाय गं राणी. कसला वास?

"मग आमालाच का धुतलं? त्या पोरांना नाय धुतलं. त्याला तर शेण लागलेलं."

पोर आठ वर्षांची. मी म्हटलं, चुकून झालं. ती टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात जाऊन बसली. मी बाहेर येऊन ओट्यावर बसले आणि मग मला रडू आलं. माझी आई चार घरं ओलांडून आली होती, तिने सगळं ऐकलं. तिची अर्धी जिंदगी भाऊंच्या वडलांच्या त्याच खाचरांत लावणी करण्यात गेली. म्हणाली, "त्याच्या बापाच्या चिखलात मी कंबरंत वाकून वाकून म्हातारी झाले. लावणीला उतरताना नाय कुणी धुतलं मला." आणि तीही माझ्या शेजारी बसून राहिली.

त्या दिवसापासून सानू खेळायची थांबली.

आधी मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पोरांचं काय, आज रुसतात उद्या हसतात. पण ती विसरली नाही. खाली बसायची वेळ आली तर आधी हाताने जागा झाडायची, मग रुमाल पसरायची, मग बसायची. शाळेतून आली की सरळ मोरीत. पाय घासायची, घोटे घासायची, लाल होईपर्यंत. वस्तीतली पोरं हाका मारायची, "सानू, ये गं लंगडीला!" ती दारात उभी राहून बघायची. कधी कधी तिचा पाय जागच्या जागी हलायचा, उडी मारल्यासारखा. पण उंबरा ओलांडायची नाही. ही पोर आधी अशी नव्हती हो. चिंचेच्या झाडावर चढून खाली यायची नाही म्हणून मी काठी घेऊन उभी राहायची खाली. तिच्या कपड्यांवरचे डाग काढता काढता मी शिव्या द्यायची. आता तिचे कपडे संध्याकाळी पण सकाळसारखेच.

शाळेत बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी किती शहाणी झाली हो. अजिबात कपडे मळवत नाही." त्यांनी कौतुकच केलं. मी मान हलवली आणि घरी आले.

एकदा आम्ही भिसेगावला माझ्या बहिणीकडे गेलो होतो. तिथे बिल्डिंगच्या मागे वाळूचा ढीग होता, बांधकामाचा. बहिणीची पोरं त्यावर घसरत होती. सानूने बहिणीला विचारलं, "मावशी, इथं खेळायला धुवावं लागतं का?" बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काम सोड ते. मी म्हटलं, सोडते. पण सोडलं नाही. मला वाटत होतं, मी तिथे आहे तर पोरांवर लक्ष तरी राहील.

कसलं लक्ष! उद्घाटनानंतर जागेला कुलूप. रविवारी उघडायची, ती पण बंगल्यांत मुलं आलेली असतील तर. वस्तीतली पोरं बोलावल्याशिवाय यायची नाहीत असं ठरलं. मी दर सोमवारी हौदातली माती उपसायची, चाळायची, उन्हात घालायची आणि परत भरायची. खेळलेलं कुणी नाही आणि मी आपली चाळतेय. फाटकावर मोठा बोर्ड लागला. त्यावर सानूचा तो फोटो. रडणारी माझी पोर, खाली लिहिलेलं, आनंदी बालपण. रोज कामाला जाताना मी त्याच्या खालून जायची. सानूला शाळेत न्यायला मी ते फाटक टाळून लांबचा रस्ता धरला.

पावसाळा गेला. दिवाळी झाली. मग एक दिवस मॅडमनी मला बंगल्यावर बोलावलं. भाऊ पण होते, खुर्चीत, चहा पीत. मी उभी. साहेब परत येणार होते, मुलं कशी खेळतायत ते बघायला. त्यांना आवडलं तर पुढच्या वर्षीचा निधी येणार होता.

मॅडम म्हणाल्या, "ताई, वस्तीतली मुलं हवीत. सगळी. आणि ते पांढरे कपडे नकोत हं या वेळी. मागच्या फोटोंत फार ठरवून केल्यासारखं वाटत होतं."

मी म्हटलं, मग कसले?

"रोजचे. जरा फाटके, मळलेले असले तरी चालेल. उलट बरंच. नॅचरल वाटतं. केसबिस विंचरू नका."

भाऊ हसून म्हणाले, "तुमच्यात काय तोटा हाय का गं तसल्या कपड्यांचा?"

माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं त्या क्षणी. राग तर रोजच येत होता, गिळत होते. हे वेगळं होतं. मला एकदम स्वच्छ दिसलं. घाणीशी यांचं काही देणंघेणं नाही, स्वच्छतेशी पण नाही. आमची पोरं आंघोळ करून आली तरी ती यांना धुवायला लागतात. आणि आता यांना घाण पाहिजे तर आम्ही घाण व्हायचं. आईने आयुष्यभर आम्हाला धुऊन पुसून गावात पाठवलं, कुणाला बोलायला जागा राहू नये म्हणून. ती जागा कपड्यांवर नव्हतीच. ती यांच्या डोळ्यांत होती. कितीही साबण घासला तरी आम्ही तिथे पोचणार नव्हतो.

मी म्हटलं, "नाय."

मॅडमना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"नाय आणणार मी पोरं. धुवायचं कधी ते पण तुमी सांगणार, मळायचं कधी ते पण तुमीच सांगणार. माझी पोरं काय भांडी हायत?"

भाऊंनी कप खाली ठेवला. "आवाज कुणाशी चढवतीस गं? काम पायजे ना?"

काम पाहिजे होतं. अजून पाहिजे. मी चप्पल घातली आणि निघून आले.

साहेब आले त्या दिवशी मी गेले. एकटी. बोलावलं नव्हतं तरी गेले. हौदात भाऊंचे नातू आणि बंगल्यांतली काही मुलं. साहेब इकडेतिकडे बघत होते. म्हणाले, "वस्तीतली मुलं दिसत नाहीत?"

मॅडम म्हणाल्या, "परीक्षा चालू आहेत."

मी पुढे झाले. म्हटलं, "परीक्षा नाय साहेब. मागच्या वेळी तुमी आलात तेव्हा आमची पोरं ओली होती. तुमी म्हणालात, पाण्यात खेळली. खेळली नव्हती. आत घ्यायच्या आधी पाइपाने धुतली होती. आमचीच तेवढी. बाकी कुणाची नाय."

पोरं चिखलात थांबली. साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी भाऊंकडे. साहेब म्हणाले, "काहीतरी गैरसमज असेल. फोटोत तर छान हसत होती मुलं."

"बोर्डावर हाय ती पोरगी माझी हाय. ती रडतेय. मला कळतं."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांना वाईट वाटलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण वाईट वाटून त्यांनी काय केलं? "मी यात लक्ष घालतो," म्हणाले आणि चहाला गेले. निधी आला. बोर्डावरचा फोटो बदलला, तिथे आता मुंबईचा एक गोरागोमटा मुलगा आहे. माझं काम गेलं. दोन बंगल्यांतली भांडी होती ती पण गेली. कुणी कारण सांगितलं नाही, सांगायची गरज पण नव्हती. गावात बोललं गेलं, हिला नेता व्हायचंय. आमच्याच वस्तीतल्या दोघी म्हणाल्या, पोरांना कधीतरी तरी मिळत होतं खेळायला, तेही घालवलंस.

ते बोलणं फार लागलं. दोन-तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. सानू समोर बसून पुस्तक वाचत असायची, रुमाल पसरून त्यावर. मी तिच्याकडे बघत असायची. मग एक दिवस शाळा सुटायच्या वेळेला मी उठले, वस्तीत हाका मारल्या आणि जी पोरं निघाली त्यांना घेऊन त्या फाटकाशी गेले. जशी होती तशी. कुणी शाळेच्या कपड्यांत, कुणी उघडा, एकाच्या नाकाला शेंबूड. कुणाला पुसलं नाही, कुणाला मळवलं नाही.

वॉचमन म्हणाला, "ताई, माझी नोकरी जाईल."

मी म्हटलं, तुमी उघडू नका बाबा. आमी बसतो.

बसलो फाटकासमोर. पोरं किती वेळ बसणार? थोड्या वेळाने त्यांनी बंगल्यांच्या गुळगुळीत रस्त्यावर विटेच्या तुकड्याने घरं आखली आणि लंगडी सुरू केली. आवाज चढला. बंगल्यांच्या गॅलऱ्यांत लोक आले. भाऊ मोटारसायकलवर आले. म्हणाले, "हा खाजगी रस्ता हाय. उचल ही पोरं."

मी म्हटलं, "आत हौद हाय तो आमी खणलाय. पैसा पोरांच्या नावाने आलाय. साहेब माइकवर बोलले ते सगळ्या गावाने ऐकलंय. फाटक उघडा, रस्त्यावरून उठतो."

"पोलिसात देईन."

"द्या. नाव माझं लिवा. पोरांचं नको."

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी त्या टोमणे मारणाऱ्या दोघींपैकी एकीने आपला पोरगा पाठवला, स्वतः आली नाही. एक दिवस पोलीस येऊन समजावून गेले. ग्रामसभेत मी हा विषय मांडला तर भाऊंच्या माणसांनी माइक बंद केला. मी माइकशिवाय बोलले. फाटक अजून बंद आहे. उघडेल असं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी पण कुणाला सांगत नाही.

सानू येत नाही. रोज निघताना मी विचारते, "येतीस का गं?" ती मान हलवते, नाही. मी तिला ओढत नाही. कदाचित ती कधीच येणार नाही, तिचं जे खेळायचं वय होतं ते त्या एका सकाळी संपलं असेल. ते मला कुणी भरून देणार नाही, ना निधी, ना साहेबांची माफी. म्हणून मला माफी नकोय. मला ते फाटक उघडं पाहिजे, रोज, शाळा सुटल्यावर, आणि आत जाणाऱ्या पोराकडे कुणी पायापासून वर बघायचं नाही. ते होत नाही तोवर मी पोरं घेऊन तिथे जाणार. आज जाऊन आले. उद्या जाणार.